चेहरा बरा झाल्यावर

त्या घरात दिवस उजाडला की पहिलं काम ठरलेलं असे. आई थोरलीला खिडकीपाशी उभी करी, हनुवटीला बोट लावून तिचं तोंड उजेडाकडे वळवी आणि नीट न्याहाळून बघे. मग काही न बोलता चहाचं आधण ठेवायला वळे. वळताना तिच्या तोंडून उसासा निघतो की नाही, यावरून थोरलीला कळे की आज चेहरा कसा आहे. आरशाकडे जायची वेळच येत नसे.

थोरलीला सगळे गुलाब म्हणत. लहानपणी तिचे गाल असे होते, की घरी आलेलं माणूस गालगुच्चा घेतल्याशिवाय बूट काढत नसे. नाव तेव्हा पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. पंचविशी उलटली तसा तो रंग गालांवर कायमचा मुक्कामाला आला. आधी उन्हातून आली की चेहरा तापायचा. मग गरम चहा घेतला तरी, कुणी चारचौघांत नाव घेऊन हाक मारली तरी. नाकाच्या शेंड्यावर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, गालांवर पुटकुळ्या उठल्या. पूर्वी ज्या बायका गाल ओढत, त्याच आता आईला बाजूला घेऊन विचारू लागल्या, की पोट साफ होतं ना हिचं, आणि तोंड धुते ना दोन वेळा.

गुलाब तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटचा हात फिरवायच्या टेबलावर कामाला होती. सुटे धागे कापायचे, काजं तपासायची, ढिलं बटण पक्कं करायचं आणि वाफेची इस्त्री मारून कपडा घडीला पाठवायचा. तिची नजर अशी पक्की, की सुटलेला टाका तिच्या हातून कधी पुढे गेला नाही. सोबतच्या बायका थट्टेनं म्हणत, ही टेबलावर असली की भिंगाला सुट्टी. पण वाफेनं तिचा चेहरा रसरसून निघे. एकदा दुपारी मुकादमानं तिला बाजूला घेतलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, की जेवणाच्या सुट्टीत काही घेतेस का. तो दारूविषयी बोलतोय हे गुलाबला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा चेहरा आणखी लाल झाला, आणि मुकादमाला त्याचं उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागात गेली.

डॉक्टरीणबाई वयानं गुलाबहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी भिंगातून नाक-गाल बघितले, डोळ्यांच्या कडा बघितल्या आणि म्हणाल्या, याला रोझेशिया म्हणतात. तुम्ही तोंड कसं धुता याच्याशी त्याचा संबंध नाही, पोटाशी नाही, स्वभावाशी नाही. कुणाला लागत नाही. मुळापासून जाईल असं वचन देत नाही, पण ताब्यात राहतो. त्यांनी एक मलम लिहून दिलं. प्रतिजैविकाचं, जेलसारखं. पातळ थर द्यायचा, रोज, न चुकता. उन्हापासून, वाफेपासून जपायचं. फरक हळूहळू दिसेल, कित्येक आठवडे लागतील, मध्येच कंटाळून सोडायचं नाही. आणि बाजारातलं गोरं करणारं कुठलंही क्रीम या चेहऱ्याला लावायचं नाही.

मग त्यांनी सहज विचारलं, “घरात आणखी कुणाला होतं असं?”

“नाही,” आई म्हणाली.

ते खरं नव्हतं. आईच्या आईचं नाक म्हातारपणी लालबुंद झालं होतं, जाड झालं होतं. गाव तिला चोरून पिणारी म्हणे. पाहुणे आले की सुना तिला आतल्या खोलीत बसवत, आणि शेवटी शेवटी तर पाहुण्यांची चाहूल लागली की ती न सांगता आपली आपणच आत जाई. आईला हे सगळं आठवत होतं. पण रक्तात रोग आहे असं एकदा कागदावर चढलं, की उद्या धाकटीचंही लग्न अडणार. म्हणून ती नाही म्हणाली. आपल्याकडे किती आया किती दवाखान्यांतून असंच नाही म्हणत असतील, कोण जाणे.

गुलाब मात्र त्या दिवशी हलकी होऊन घरी आली. आपल्या तोंडाला जे झालंय त्याला नाव आहे, हे ऐकूनच तिचं निम्मं दुखणं गेलं. ती नेमानं मलम लावू लागली. मुकादमाला सांगून वाफेच्या इस्त्रीवरून काजांकडे बदली मागून घेतली. काही आठवड्यांनी पुटकुळ्या बसू लागल्या. लाली होती, पण तिचा भडका कमी झाला होता. सकाळी खिडकीपाशी आईचा उसासा ऐकू येईनासा झाला.

तेवढ्यात आत्या स्थळ घेऊन आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील शाळेची बस चालवत आणि घरातल्या मोठ्या गोष्टी बहिणीवर सोपवून मोकळे होत. मुलगा मालवाहतुकीच्या कंपनीत होता, घर स्वतःचं होतं, आणि मंडळी पुढच्या आठवड्यात बघायला येणार होती. आत्यानं गुलाबचा चेहरा बघून च्‌च् केलं आणि पर्समधून एक लहानशी गोल डबी काढली. डबीवर ना धड नाव होतं, ना आत काय आहे ते. ओळखीच्या दुकानदारानं खास दिलेली, आत्या म्हणाली. तिच्या जावेच्या मुलीला लावली होती, चार-पाच दिवसांत तोंड असं झालं, की नवऱ्या मुलाच्या आईनं गालावरून हात फिरवला.

गुलाब म्हणाली, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय. आत्या म्हणाली, डॉक्टरला लग्न जमवायचं नसतं.

“अगं, तूच सांग हिला,” ती आईकडे वळली. “ते जेल बरं करील सावकाश. मंडळी काय सावकाश येणार आहेत?”

आईनं डबी हातात घेतली. गुलाबनं तिच्याकडे बघितलं. लहानपणी सुई टोचायच्या आधी बघायची, तसंच.

“एवढे दिवस निघू दे बाळा,” आई म्हणाली. “मग तुझं ते मलम आहेच.”

आणि तिनं स्वतःच्या बोटांनी लावलं. गालांना, नाकाला, कपाळाला, आणि पापण्यांवरही, कारण पापण्यांच्या कडा लाल दिसत होत्या.

क्रीमनं आपलं काम केलं. ज्या दिवशी मंडळी आली, त्या दिवशी गुलाबचा चेहरा धुतलेल्या कपासारखा होता. धाकटी ताईकडे बघतच राहिली. वडिलांचे डोळे भरून आले. मुलाची आई म्हणाली, मुलगी नितळ आहे हो. लग्न ठरलं.

ठरलं, पण झालं नव्हतं. मधे काही महिने होते, आणि क्रीम एक दिवस जरी चुकलं तरी चेहरा चुरचुरून पेटू लागे. पूर्वीपेक्षा दुप्पट. म्हणून पुन्हा लावायचं, की पुन्हा शांत. गुलाब घाबरली होती. दोनदा म्हणाली, आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ. आई म्हणाली, लग्न होऊ दे. लग्न झालं तेव्हा म्हणाली, निदान त्या घरात रुळू दे. सासरी जाताना कपड्यांच्या घडीत नव्या डब्या ठेवल्या, आणि त्या संपत आल्या की धाकटीच्या हाती आणखी पाठवल्या. दवाखान्यातलं जेल कपाटाच्या वरच्या कप्प्यात राहिलं आणि तिथेच कडक झालं.

मुलीला विष द्यायचं म्हणून कुठली आई देत नाही. लोक काय म्हणतील या भीतीनं तिचा हात धरलेला असतो, आणि तो हात मुलीच्या गालावरून फिरत असतो.

सासर वाईट नव्हतं असंच सगळे म्हणत. नवरा सुट्टीच्या दिवशी तिला फिरायला नेई, बसमध्ये खिडकीची जागा देई. फक्त स्वतःच्या आईच्या शब्दापुढे त्याचा शब्द निघत नसे. गुलाबनं जवळच्या एका शिवणाच्या दुकानात काम धरलं. वर्ष गेलं. मग हळूहळू तिच्याबद्दल तक्रारी येऊ लागल्या. चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटते. शेजारून कुणी आलं तर दचकते. ताटाच्या बाजूला ठेवलेली वाटी सांडते. सासू म्हणे, लक्ष कुठे असतं हिचं. गुलाबनं फोनवर आईला सांगितलं, की दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, डोळे जड होतात. आईनं सांगितलं, शिवणानं डोळे थकले असतील, गार पाण्यानं धूत जा.

आणि मग एक दिवस तिनं क्रीम बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. आरशात बघताना तिला गालांची कातडी कागदासारखी पातळ झालेली दिसली, तिच्याखालच्या शिरा जाळ्यासारख्या वर आलेल्या दिसल्या, आणि तिनं डबी कचऱ्यात टाकली. आठवड्याच्या आत चेहरा सुजला, पुवाळलेल्या फोडांनी भरला. सासूनं चार बायकांसमोर विचारलं, की हे आधी का लपवलंत. नवऱ्यानं तिची बॅग भरली, तिला माहेरी आणून सोडलं. दारातच उभा राहून, वडिलांच्या नजरेला नजर न देता म्हणाला, “थोडे दिवस राहू दे इथे. चेहरा बरा झाला की कळवा, मी न्यायला येईन.”

पुन्हा त्याच दवाखान्यात, त्याच विभागात, त्याच डॉक्टरीणबाई. आईनं पर्समधून रिकामी डबी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलटसुलट बघितली. किती काळ, त्यांनी विचारलं. आईनं सांगितलं. पापण्यांवर? आईनं मान हलवली. बाई रागावतील असं आईला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्ची ओढून गुलाबच्या समोर बसल्या. म्हणाल्या, एक डोळा झाक आणि माझ्या नाकाकडे बघत राहा. बाजूनं माझं बोट येईल, दिसलं की सांग.

आई गुलाबच्या मागे उभी होती. तिला ते बोट पहिल्यापासून दिसत होतं. ते बाजूनं निघालं, गुलाबच्या कानासमोर आलं, गुलाब गप्प. गालासमोर आलं, गप्प. आईला वाटलं, हिला प्रश्न कळला नाही बहुतेक. ती सांगायला वाकणार होती. बोट हळूहळू सरकत जवळजवळ नाकासमोर आलं, तेव्हा गुलाब म्हणाली, “दिसलं.”

मग दुसरा डोळा. त्या डोळ्याला ती दिसलं म्हणालीच नाही.

डोळ्यांच्या विभागात तपासण्या झाल्या. क्रीममध्ये जहाल स्टेरॉइड होतं. चेहऱ्याची लाली त्यानं दाबून ठेवली आणि पापण्यांतून आत झिरपून डोळ्यांतला दाब वाढवत नेला. दुखलं नाही, खुपलं नाही, आणि नजर कडेकडेनं मरत गेली. डावा डोळा गेला होता. उजव्यात मधोमध थोडंसं उरलं होतं, नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येणार नव्हतं.

गुलाब रडली नाही. तिनं विचारलं, उरलंय ते टिकेल का. थेंब नेमानं घातले तर टिकवायचा प्रयत्न करू, डॉक्टर म्हणाले. तिनं थेंबांची वेळ विचारून घेतली. घरी येताना रस्ता ओलांडायला आईनं तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला नाही. पण बोटं आवळलीही नाहीत.

बऱ्याच दिवसांनी, ओट्याशी उभ्या असताना ती आपणहून बोलली. “आई, तुझ्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही. खोटं होईल. पण तू मुद्दाम केलं नाहीस, हेही मला माहीत आहे. दोन्ही एकदम डोक्यात असतात. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.”

आईला रडायचाही हक्क वाटेना.

दवाखान्यानं क्रीमची सवय उतरवली. पोटात काही काळ गोळ्या, आणि चेहऱ्याला पुन्हा तेच प्रतिजैविकाचं जेल. तोच पातळ थर, तीच सावकाशीची वाट. फोड सुकले. सूज उतरली. पावलापावलानं, मागे-पुढे होत, चेहरा शांत झाला. पूर्ण नितळ नाही, पण उन्हातून आलेल्या माणसाचा असावा एवढाच लालसर. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी जे म्हणाल्या होत्या, ते अगदी तसंच झालं. तेवढे आठवडे थांबलो असतो तर, हा विचार आईच्या मनात भांडी घासताना येई, आणि हातातलं भांडं तसंच राही.

एकदा धाकटीनं आरसा आणून समोर धरला. बघ ताई, किती छान झालंय. गुलाबनं मान थोडी थोडी फिरवत बघितलं.

“मी आता तुकड्यातुकड्यांनी दिसते गं,” ती म्हणाली. “भुवई दिसते तेव्हा गाल नसतो. तूच सांग, सगळं मिळून कशी दिसते?”

धाकटीनं सांगितलं, छान. आणि आरसा घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

नवऱ्याचा फोन आला. गुलाबनंच घेतला. त्यानं विचारलं, चेहरा कसा आहे. ती म्हणाली, “चेहरा बरा झालाय. नजर गेलीय. येताय न्यायला?” मग तो म्हणाला, आईला विचारून सांगतो. त्यानं विचारलं असेलही. सांगितलं मात्र नाही.

कारखान्यानं तिला परत घेतलं नाही. सुटलेला टाका आता तिला दिसत नव्हता. ती घरी बसून बटणं लावू लागली, बोटांच्या अंदाजानं, पूर्वी काही मिनिटांत व्हायचं तेवढं आता तासाभरात.

आणि अशात धाकटीसाठी स्थळ आलं. पुन्हा आत्याच्याच ओळखीतलं. आत्या वाईट बाई नव्हती. गुलाबचं झालं तेव्हा तीही रडली होती. पण आता ती आईला हळू आवाजात म्हणाली, की त्या दिवशी गुलाबला माझ्याकडे ठेवू या. उगीच प्रश्न नकोत. वडिलांनी मान डोलावली. गुलाब आतून ऐकत होती. ती म्हणाली, मी जाईन आत्याकडे, मला काही वाटणार नाही. आणि उठून कपडे काढायला कपाटाशी गेली.

कुणी न सांगता आपली आपण आत जाणारी एक म्हातारी आईच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

“ती कुठेही जाणार नाही,” आई म्हणाली.

मंडळी आली तेव्हा गुलाब बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं. मुलाच्या आईची नजर पुन्हा पुन्हा गुलाबकडे जात होती. तिनं विचारायच्या आधीच आईनं सांगितलं. शब्द एकही गाळला नाही. हिला हा आजार आहे, माझ्या आईला होता, धाकटीलाही होऊ शकतो. त्याला औषध आहे, त्यानं ताब्यात राहतो. पण माझी मुलगी लग्नात नितळ दिसावी म्हणून मी ते औषध सोडून दुसरंच काही लावलं, आणि तिचे डोळे गेले. रोगानं गेले नाहीत. माझ्या हातानं गेले. हे ऐकून तुम्हाला उठायचं असेल तर उठा.

कुणी लगेच उठलं नाही. मग मुलाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं, दुसरीकडे जायचं आहे म्हणाले, आणि मंडळी सभ्यपणे निघून गेली. आत्या कपाळाला हात लावून बसली. वडील भिंतीकडे बघत राहिले. धाकटीनं कप गोळा केले, आणि ताईच्या खुर्चीशी जमिनीवर येऊन तिच्या गुडघ्याला टेकून बसली. गुलाबनं चाचपत तिच्या केसांवर हात ठेवला.

त्यानंतर आई दवाखान्यात जाऊ लागली. कुणाला दाखवायला नव्हे. डॉक्टरीणबाईंना विचारून ती त्वचेच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसे. मुलींना घेऊन आलेल्या आयांशी बोले, पर्समध्ये तसली डबी असेल तर दाखवायला सांगे, आत नेऊन बाईंना दाखवा म्हणे. काहीजणी ऐकत. काहीजणी वेड्या बाईपासून सरकावं तशा बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकत.

एकदा एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीनं ओढणीनं अर्धं तोंड झाकलं होतं. गुलाबच्या आईनं त्या बाईला सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं. डबी पर्समध्येच होती, हात तिच्यावरच होता. तिला राग आला नव्हता, उलट तिचे डोळे भरले होते.

“तुमचं कळतंय हो मला,” ती म्हणाली. “पण मी काय करू? पुढच्या आठवड्यात हिला बघायला येणार आहेत.”

आई तिच्या हाताकडे बघत राहिली.

“माझ्या मुलीलाही,” ती म्हणाली, “पुढच्याच आठवड्यात बघायला येणार होते.”